सत्तावीस वजा

दहिगुंडीच्या पाण्यात त्या मंगळवारी अडुसष्ट निघाले. त्रिशला उपाध्येनं नळी खाली ठेवली, चष्मा पुसला आणि नळी परत उचलली. नको ते दिसलं की माणूस आधी चष्मा पुसतो, आणि नगरपरिषदेच्या पाणी-प्रयोगशाळेत अठ्ठावीस वर्षं काढलेली बाईही त्याला अपवाद नव्हती.

तपासणी तशी साधी. चिनीमातीच्या बशीत मोजून पाणी घ्यायचं आणि मंद आचेवर पार आटवायचं. पाणी वाफ होऊन जातं, त्यातलं नायट्रेट मात्र कुठं जात नाही, बशीच्या तळाशी बसून राहतं. त्यावर एक आम्ल घालायचं, मग अमोनिया, की नायट्रेट असेल त्या मानानं पिवळा रंग चढतो. शेजारी नऊ नळ्या ओळीनं उभ्या असतात, प्रत्येकीत ठाऊक असलेल्या मापाचं नायट्रेट, फिक्यापासून गडदपर्यंत. आपली नळी त्या ओळीत कुठं बसते ते डोळ्यानं जुळवायचं. पिण्याच्या पाण्यात लिटरला पंचेचाळीस मिलिग्रॅमपर्यंत चालतं. त्याच्या थोडं वर गेलं तरी मोठ्या माणसांचं फारसं बिघडत नाही. धोका असतो तो तान्ह्या मुलांना.

तिनं पडद्यावर अडुसष्ट भरले. क्षणभरात 'निकष'चं उत्तर उमटलं. नोंद अडुसष्ट. हात वजा सत्तावीस. ग्राह्य एक्केचाळीस. पाणी पिण्यायोग्य.

निकष ही प्रणाली राज्यातल्या सगळ्या पाणी-प्रयोगशाळांत येऊन तीन वर्षं झाली होती. ती पाणी तपासत नसे, पाणी तपासणाऱ्याला तपासत असे. त्याआधी एका मोठ्या शहरात पाइपातले सेन्सर महिनोन्‌महिने खोटं बोलले होते आणि बरीच माणसं दवाखान्यात पोचली होती. तेव्हापासून कायदा झाला की आठवड्यातून एकदा तरी माणसानं स्वतःच्या डोळ्यानं पाणी पाहायचं. पण माणसं म्हटली की प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. कोणी नळी तिरकी धरतो, कोणाला पिवळं जरा जास्तच पिवळं दिसतं, कोणाला जेवायला जायची घाई असते. यालाच निकष 'हात' म्हणे. सुरुवातीचा एक महिना ओळखीचा होता. रोजच्या बाटल्यांत काही बाटल्या गुपचूप मिसळलेल्या असत, ज्यांचं खरं माप फक्त निकषला माहीत. त्यावरून तिनं प्रत्येकाचा हात शिकून घेतला, आणि मग ज्याच्या त्याच्या आकड्यातून ज्याचा त्याचा हात वजा करायला लागली.

त्रिशलाचा हात जास्त दाखवणारा ठरला. सुरुवातीला वजा आठ होता. मग बारा झाला, गेल्या दिवाळीत एकोणीस, आणि आता सत्तावीस. वय वाढतं तसा हात बिघडत जातो, हे निकषला शिकवलेलंच होतं. पाणी मात्र तीन वर्षं एक्केचाळिसाच्या आसपास ठाण मांडून बसलं होतं. पडद्याच्या कोपऱ्यात आज एक नवी पिवळी ओळ होती: वजावट तिसाच्या वर गेल्यास नोंदीचा अधिकार काढून घेण्यात येईल.

ती ओळ तिनं तीनदा वाचली. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. पण भीती नोकरीची नव्हती. आपण जे बघतो ते तसं नसतं, असं दर मंगळवारी कोणीतरी शांतपणे सांगत राहिलं तर माणूस आतून पोकळ होत जातो. गॅस बंद केला का, हे बघायला ती हल्ली दारातून दोनदा मागे फिरायची.

*

घरी लेक बाळंतपणाला आली होती. चंदनाची मुलगी सव्वा महिन्याची. दुसऱ्याच आठवड्यात चंदनाला ताप चढला, तिचं दूध आटलं, आणि बाळ डब्यातल्या पावडरीवर आलं. त्या पावडरीसाठीचं पाणी हे त्रिशलाचं काम. ते ती दुसऱ्या कोणाला करू देत नसे.

उपाध्यांच्या घरात पाणी न गाळता, न उकळता कोणाच्या तोंडाला लागत नाही. पाण्यातल्या जिवाचीही हिंसा नको, हा धर्म पिढ्यान्‌पिढ्या पाळलेला. त्यात बाळ-बाळंतिणीचं पाणी म्हणजे आणखी सोवळं. पहाटे उठून त्रिशला दुहेरी फडक्यातून पाणी गाळायची, पितळेच्या पातेल्यात चढवायची आणि निम्मं होईपर्यंत आटवायची. तिच्या आईनं तिच्यासाठी केलं, ती नातीसाठी करत होती. पातेल्याच्या कडेला पाण्याची खूण उतरत निम्म्यावर आली की तिला बरं वाटायचं. दिवसभरात तेवढं एकच काम तिच्याकडून चुकत नव्हतं.

मंगळवारी दुपारी ती जेवायला आली तेव्हा नवरा, भरत, ताटावर बसला होता. तो शाळेतून निवृत्त झालेला, स्वभावानं गमत्या. आमटीत मीठ जास्त झालंय का, असं तिनं विचारलं, तर तो म्हणाला की तू सांगशील त्यातून सत्तावीस वजा करून सांगतो. चंदना हसली. हा विनोद त्रिशलानंच कधीतरी जेवताना सांगून घरात आणला होता, तेव्हा आकडा बारा होता. आता तो घरभर झाला होता. ताप किती, पाहुणे किती वाजता येणार, रिक्षावाला किती म्हणाला, आईच्या प्रत्येक आकड्यातून घरातले हसत हसत काहीतरी वजा करत. तीही हसायची. आज ती हसली नाही.

जेवण झाल्यावर तिनं बाळाला मांडीवर घेतलं. बाळ शांत होतं, जरा जास्तच शांत. ओठांच्या कडा राखट वाटल्या. तिनं चंदनाला बोलावून दाखवलं.

चंदना वाकून बघत म्हणाली, "थंडी आहे गं आई. आणि या खोलीत उजेड तरी कुठंय? तुला नसतं काहीतरी दिसतं."

त्रिशलानं बाळाच्या अंगावर आणखी एक दुपटं घातलं.

*

बुधवारी ती अर्धा दिवस सुट्टी काढून डोळ्यांच्या दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी सांगितलं की मोतीबिंदूची अगदी सुरुवात आहे, काळजी करण्यासारखं नाही. मग सहज म्हणून म्हणाले, "यात जग जरा पिवळसर दिसायला लागतं, बरं का. हळूहळू होतं, त्यामुळं कळत नाही."

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना तिला रडू आलं आणि त्याच वेळी हायसंही वाटलं. म्हणजे यंत्र बरोबर होतं. पाणी चांगलं होतं, गाव चांगलं होतं, बिघडला होता तो फक्त तिचा डोळा. वाटेतल्या बाकावर ती थोडा वेळ बसली आणि ऐच्छिक निवृत्तीच्या अर्जात काय लिहायचं ते मनात जुळवत राहिली.

गुरुवारी सकाळी तो अर्ज लिहायचा म्हणून ती प्रयोगशाळेत लवकर आली. टेबलावर मंगळवारच्या नळ्या तशाच होत्या, धुवायच्या राहिलेल्या. तिनं सवयीनं पाण्याची नळी उचलली आणि ओळीजवळ धरली. साठ आणि सत्तरच्या मध्ये, सत्तरकडे झुकलेली. ती तशीच उभी राहिली.

डोळा पिवळा झाला असेल तर ही नळी पिवळी दिसेल, खरं आहे. पण मग शेजारची नळीही तितकीच पिवळी दिसेल. दोन्हीकडे ती एकाच डोळ्यानं बघत होती. डोळा कितीही बिघडू दे, सारख्याला सारखंच म्हणणार. शंभर वर्षांपूर्वी ज्या कोणी ही नळ्यांची ओळ पहिल्यांदा लावली असेल, त्यानं ती याचसाठी लावली होती. आणि तिनं, अठ्ठावीस वर्षं ती लावणारीनं, हे विसरून डोळ्यांच्या डॉक्टरांचं म्हणणं मान खाली घालून ऐकून घेतलं होतं.

मग ओळच चुकली असेल का? जुनं द्रावण कधीकधी फिकं पडतं. तिनं दार लावून घेतलं. नवी पुडी फोडून क्षार भट्टीत वाळवला, तराजूवर वजन केलं, सगळी ओळ पहिल्यापासून नव्यानं केली. तीन बशा मांडल्या. एकीत नळाचं पाणी, एकीत शुद्ध पाणी, एकीत तिनंच बरोबर चाळीस मापाचं केलेलं पाणी. दोन तास ती स्टुलावरून हलली नाही. शुद्ध पाण्यात रंग आला नाही. चाळीसचं पाणी चाळीसच्या नळीशी जाऊन मिळालं. नळाचं पाणी एकोणसत्तर.

तिचा हात काही वजा करण्यासारखा नव्हताच.

तिनं जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत फोन लावला. तिथं इरफान मुल्ला होता, तिच्याच हाताखाली शिकून गेलेला. दर तिमाहीला दहिगुंडीचा एक नमुना त्याच्याकडे जायचा. तिनं विचारलं, मागचा किती आला होता? तो आधी टाळाटाळ करू लागला, मग म्हणाला, "बाई, खरं सांगू का? चौसष्ट आला होता. निकषनं 'बाटली दूषित' म्हणून वगळला. मला वाटलं, तुमच्याकडं हल्ली बाटल्या नीट धूत नसतील. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही."

म्हणजे खरा आकडा दोन माणसांनी दोन ठिकाणी पाहिला होता, आणि दोघांनी एकमेकांना सांभाळून घेत तो पोटात ठेवला होता. पण निकषसारखी हुशार प्रणाली मुळात फसली कशी, हे तिला उमगेना. सुरुवातीचे वजा आठ तरी आले कुठून? तिनं जुन्या नोंदी काढल्या. ओळखीचा महिना, तीन वर्षांपूर्वीचा मे. तारखा बघता बघता तिचं बोट एका ओळीवर थांबलं.

त्या मे महिन्यात चंदनाचं लग्न होतं. ओळखीच्या महिन्यात रजा मिळणार नाही असा हुकूम होता. तेव्हाचे तिचे वरिष्ठ माणगावे मामा म्हणाले होते, जा तू, तुझं मी बघतो. असं चालायचंच. प्रयोगशाळेत एकाचं वाचन आणि दुसऱ्याची सही यात कोणाला काही गैर वाटत नसे. अडीच आठवडे तिच्या नावावर मामांनी नळ्या पाहिल्या होत्या. निकषनं जो हात शिकून घेतला तो तिचा नव्हता.

मामा आता निवृत्त होऊन सांगलीला मुलाकडे राहत. फोनवर त्यांना ऐकू कमी येत होतं. तिनं दोनदा विचारल्यावर ते समजले.

"पाण्याच्या बाबतीत मी कायम आठ-दहा चढवूनच लिवायचो, पोरी," ते म्हणाले. "लोक पिणार म्हटल्यावर आपलं सावध असलेलं बरं. का, काय झालं?"

काही नाही, म्हणून तिनं फोन ठेवला. बिचाऱ्यांनी गावाच्या भल्यासाठी आठ चढवले होते, गुपचूप मिसळलेल्या बाटल्यांतही चढवले होते, कारण त्या कोणत्या हे त्यांना कोण सांगणार? निकषनं त्यावरून एवढंच टिपून घेतलं की त्रिशला उपाध्ये जास्त लिहिते. पुढं गावाला पाणी देणाऱ्या नदीकाठच्या विहिरीत वरच्या उसाचं खत झिरपायला लागलं. पाणी खरंच चढू लागलं, तिचा आकडा चढू लागला, आणि निकष म्हणाली, बाईंचा हात वाढला. पाइपातला सेन्सरही चढत होता. पण सेन्सर आपोआप वर सरकतात हे निकषला ठाऊक होतं, म्हणून दर मंगळवारी ती त्याला ग्राह्य आकड्यावर आणून ठेवी. मग तिच्या हाताची चूक मोजायची ती या सेन्सरवरून, आणि सेन्सरची चूक मोजायची ती तिच्या वजा केलेल्या आकड्यावरून. दोन साक्षीदार एकमेकांकडे बघून साक्ष देत होते, आणि पाणी कोणीच बघत नव्हतं.

तिनं बशी उचलली. तळाशी पांढरट क्षार चिकटला होता. पाणी वाफ होऊन जातं, नायट्रेट कुठं जात नाही.

हे वाक्य तिनं नव्या मुलांना किती वेळा शिकवलं असेल. आणि त्या क्षणी तिला पितळेचं पातेलं दिसलं. कडेनं उतरत उतरत निम्म्यावर आलेली पाण्याची खूण दिसली. एकोणसत्तरचं निम्मं पाणी गेलं की उरलेल्यात एकशे अडतीस. रोज पहाटे, स्वतःच्या हातानं, बाळाच्या प्रत्येक बाटलीत. तीन-चार आठवडे. बशीत ज्याला पकडायचं काम तिनं जन्मभर केलं, तेच ती घरी पातेल्यात जमवत होती.

बशी हातातून सुटली आणि फुटली. चपला कोणत्या घातल्या हेही न बघता ती निघाली.

*

घरात शिरली तेव्हा चंदना बाटली भरत होती. त्रिशलानं ती तिच्या हातातून घेतली आणि मोरीत ओतली.

भरत पेपर बाजूला ठेवून उठला. तिनं धापा टाकत सांगितलं की पाण्यात चालतं त्याच्या दीडपट नायट्रेट आहे, उकळून आपण ते तिप्पट केलं, बाळाला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्यायचं. भरत तिला खाली बसवायला लागला. तो समजुतीनं म्हणत होता की कालच डॉक्टर डोळ्याचं काय म्हणाले, तूच घरी येऊन सांगितलंस, उद्या शांतपणे बघू. या वेळी त्याच्या बोलण्यात गंमत नव्हती, कीव होती. त्या कीवेनं त्रिशला घाबरली. आता ती काहीही बोलली तरी त्यातून सत्तावीस जाणारच होते.

ती चंदनाकडे वळली. "मला काहीही म्हण. म्हातारी झाले म्हण, वेडी झाले म्हण. पण बाळाची नखं एकदा उजेडात बघ. आणि शेजारी तुझी ठेव."

चंदनानं बाळाला खिडकीशी नेलं. इवल्या मुठीतलं बोट सोडवून आपल्या बोटाशेजारी धरलं. तिची नखं गुलाबी होती. बाळाची दगडी पाटीच्या रंगाची. तिनं बाळाला तसंच छातीशी धरलं आणि अनवाणी जिना उतरायला लागली.

दवाखान्यात डॉक्टर लोखंडे म्हणून तरुण बालरोगतज्ज्ञ होत्या. बाळाच्या पायाला लावलेलं यंत्र रक्तातला प्राणवायू पंच्याऐंशी टक्के दाखवत होतं. प्राणवायूची नळी लावली तरी आकडा पंच्याऐंशीवरून हलेना. डॉक्टरांना हृदयाची शंका आली. कोल्हापूरला पाठवू म्हणाल्या, गाडीची व्यवस्था करायला सांगितली. कोल्हापूरला जायला दीड तास. बाळ आता रडतही नव्हतं.

त्रिशलानं पुढं होऊन सांगितलं की हृदय नव्हे, नायट्रेट. तान्ह्या मुलाच्या पोटात त्याचं रूप बदलतं आणि ते रक्तातल्या लोहाला असं काही करून ठेवतं की रक्त फुप्फुसातून फिरून येतं पण प्राणवायू उचलत नाही. डॉक्टरांनी टॅब्लेटवर शहराचं पाणी बघितलं. एक्केचाळीस, पिण्यायोग्य. त्या नम्रपणे म्हणाल्या की रिपोर्टमध्ये तर तसं दिसत नाही.

"तो रिपोर्ट मीच लिहिलाय," त्रिशला म्हणाली. एप्रनच्या खिशात गाळण कागद होता, प्रयोगशाळेतून ती तशीच आली होती. तिनं तो टेबलावर पसरला. "एक थेंब तिचा, एक माझा. शेजारी शेजारी टाका. दोन मिनिटं लागतील. दोन्हीकडे तुमचाच डोळा असेल."

डॉक्टरांनी तिच्याकडे क्षणभर रोखून पाहिलं आणि सुई घेतली. दोन थेंब कागदावर पसरले. त्रिशलाचा हवेत येताच लाल झाला. बाळाचा काळपट तपकिरी होता, आणि तो तसाच राहिला. एक मिनिट. दीड मिनिट. चंदना त्या डागाकडे बघत होती. तिचे ओठ पुटपुटत होते, णमोकार मंत्र म्हणत असावी.

दोन मिनिटं व्हायच्या आत डॉक्टर उठल्या. आतल्या कपाटातून निळ्या औषधाची कुपी आली. ते गडद निळं औषध बाळाच्या शिरेत जाताना बघवत नव्हतं, निळ्या पडलेल्या लेकराला आणखी निळं करतायत असं वाटत होतं. पण तास उलटायच्या आत ओठांच्या कडा गुलाबी झाल्या, आणि बाळानं तोंड वासून असा काही टाहो फोडला की भरत भिंतीला टेकून लहान मुलासारखा रडायला लागला.

चंदना आईजवळ येऊन बसली. म्हणाली, "आई, गावात आणखी किती असतील गं?"

*

त्याच संध्याकाळी नगरपरिषदेचे मुख्याधिकारी सरनोबत यांच्यापुढं त्रिशलानं सगळं लिहून दिलं. ओळखीच्या महिन्यात माझ्या नावावर माझं वाचन नव्हतं. निकषनं शिकलेला हात खोटा आहे. माझा आजचा आकडा एकोणसत्तर, काही वजा करू नये. खाली सही केली. या कागदानं नोकरी जाणार हे तिला माहीत होतं, आणि सही करताना पेन एकदाही अडखळलं नाही.

सरनोबत भला माणूस होता. त्यानं तिला पाणी दिलं, जे तिनं घेतलं नाही, आणि तिचा जबाब तिच्यासमोरच निकषमध्ये भरला. उत्तर यायला नेहमीपेक्षा थोडा वेळ लागला. 'त्रिशला उपाध्ये यांच्या ओळख-नोंदी अवैध. त्यामुळे यांच्या सर्व नोंदी अग्राह्य. त्या वगळून केलेले मूल्यमापन: सेन्सर एक्केचाळीस. विश्वासार्हता पूर्वीपेक्षा अधिक.'

तिनं ते वाचलं आणि खुर्चीचा हात घट्ट धरला. खरं बोलल्यानं ती हिशेबातून पुसली गेली होती. आता पाण्याकडे बघणारं कोणी उरलंच नव्हतं. डॉक्टर लोखंड्यांनी कळवलेली केस जिल्ह्याला पोचली होती, तिच्यावर शेरा होता, एकच केस, कल दिसत नाही, आठ दिवसांनी फेरविचार.

तिनं कळवळून सांगितलं, हात जोडले. सरनोबत कपाळ चोळत म्हणाला, "बाई, यंत्राच्या विरोधात पाणी बंद करायचे अधिकार मला नाहीत. पण तुमचा शब्द मी वाया घालवणार नाही. खबरदारीची सूचना तेवढी माझ्या अधिकारात आहे. उद्या सकाळी घंटागाडीवरून गावभर पुकारायला लावतो." तिनं त्याचे आभार मानले. सूचनेत काय असणार हे विचारायचं तिला सुचलं नाही, आणि त्यालाही ते सांगण्यासारखं वाटलं नाही. अशी सूचना एकच असते, वर्षानुवर्षं तयार ठेवलेली.

शुक्रवारी सकाळी सात वाजता ती गॅलरीत उभी होती. गल्लीच्या तोंडाशी कचऱ्याची घंटागाडी आली. नेहमीचं गाणं थांबलं आणि कर्ण्यातून गोड आवाजात ध्वनिमुद्रित सूचना सुरू झाली.

"दहिगुंडी नगरपरिषदेतर्फे नागरिकांना आवाहन. खबरदारीचा उपाय म्हणून पिण्याचे पाणी गाळून व भरपूर उकळून प्यावे. लहान मुलांसाठी पाणी विशेष काळजीपूर्वक उकळावे."

समोरच्या घरात लायटर वाजला. वरच्या मजल्यावर पातेलं ठेवल्याचा आवाज झाला. गाडी पुढं सरकली तशी एकेका स्वयंपाकघराच्या खिडकीतून वाफ दिसायला लागली, आज्ञाधारक आणि दाट. चंदना आतून धावत आली.

त्रिशला जिना कशी उतरली ते तिला आठवत नाही. तिनं गाडी गाठली, ड्रायव्हरच्या शेजारी चढली आणि माइक ओढून घेतला. ड्रायव्हर गोरखनाथ तिला पाण्याच्या बाई म्हणून ओळखत होता. त्यानं अडवलं नाही, पण ती काही बोलायच्या आत हळूच विचारलं, "बाई, साहेबांनी सांगितलंय का?"

"गाडी हळू चालव," ती म्हणाली, आणि माइक तोंडाशी धरला. स्वतःचाच आवाज कर्ण्यातून आला तेव्हा ती दचकली.

"मी त्रिशला उपाध्ये. पाण्याच्या तपासणीतली. पाणी उकळू नका. उकळल्यानं त्यातलं विष जात नाही, वाढतं. तान्ह्या मुलांना नळाचं पाणी देऊ नका. ओठ, नखं निळसर दिसली तर तडक दवाखान्यात न्या."

माणसं दारात आली. पाच मिनिटांपूर्वी याच कर्ण्यानं नेमकं उलटं सांगितलं होतं. कोणी शेजाऱ्याकडे बघितलं, कोणी फोन काढून शहराचं पाणी बघितलं. कोणीतरी कोणाच्या तरी कानात काही बोललं. काय ते तिला ऐकू आलं नाही, पण ती पुढची गल्ली, त्यापुढची गल्ली तेच सांगत राहिली, घसा बसेपर्यंत.

कासार गल्लीत एका दारात तरुण बाई उभी होती. कडेवर महिन्या-दीड महिन्याचं मूल, दुपट्यात गुंडाळलेलं. गाडी तिच्यापुढं आली तेव्हा ती त्रिशलाकडे बघत होती, विश्वास ठेवावा की नाही असं. त्रिशलानं मुलाचे ओठ बघायचा प्रयत्न केला. सकाळच्या उन्हात दाराची सावली नेमकी त्यावर पडली होती.

"अहो ताई, उकळू नका," माइक बाजूला ठेवून ती नुसत्या आवाजात म्हणाली.

बाईनं मान हलवली. हो म्हणून की बरं बरं म्हणून, ते कळलं नाही. मग ती वळून लगबगीनं आत गेली. स्वयंपाकघराच्या जाळीतून वाफ येत होती. तिनं गॅस बंद केला की मोठा केला, ते गल्लीतून दिसत नव्हतं.